‘आम्हाला माहीतच नव्हतं’ म्हटलं की कायदा सोडतो का?

यावेळची पत्रं आणि मेल वाचायला बसले तर विषय सगळे वेगळे, कुणाचा पोपट, कुणाचा भाडेकरार, कुणी लावलेलं लग्न, पण जवळपास प्रत्येकात एक वाक्य तेच, की मॅडम आम्हाला हे माहीतच नव्हतं हो. म्हणून म्हटलं या अंकात हे सगळे प्रश्न एकत्रच घेऊ. पत्रं थोडी छोटी केलीयेत आणि नावं काढून टाकलीयेत, गाव तेवढं ठेवलंय.

प्रश्न (मिरज) : ताई, आमच्या घरी नऊ वर्षं झाली पोपट आहे. सासूबाईंनी जत्रेतून पिल्लू आणलेलं, त्यांच्याच हातचा पेरू खातो, सकाळी विठ्ठल विठ्ठल म्हणतो. गेल्या महिन्यात आमच्याच गल्लीतल्या एका घरी वनखात्याची माणसं आली, पिंजरा घेऊन गेली आणि त्या लोकांना ऑफिसला बोलावलं. आमच्याकडे तर आजेसासूबाईंपासून पोपट आहेत, हा गुन्हा असतो हे कुणाला माहीत? माहीत नव्हतं असं सांगितलं तर चालेल ना? सासूबाईंना रात्रभर झोप नाही.

उत्तर : ताई, आधी सरळ सांगते, नाही, तेवढ्यावर सुटका होत नाही. आपला नेहमीचा हिरवा देशी पोपट, लाल चोच आणि गळ्याला कंठी असलेला, हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, म्हणजे त्याला पकडणं, विकणं, विकत घेणं, पिंजऱ्यात ठेवणं सगळंच बेकायदा आहे. कायदा होऊन पन्नास वर्षं उलटून गेली तरी आजही जत्रेत आणि आठवडी बाजारात पिल्लं उघड विकली जातात, त्यामुळे लोकांना वाटतं की जे उघड चालतं ते चालत असणार, आणि मला तुमचा राग अजिबात येत नाही, कारण हा समज अगदी साहजिक आहे. पण कोर्टात हा समज बचाव म्हणून उभा राहत नाही.

का राहत नाही हे समजावं म्हणून एक जुनी केस सांगते, ती आपल्या मुंबईतच घडलेली आहे. नोव्हेंबर १९६२ मध्ये मेयर हान्स जॉर्ज नावाचा एक जर्मन माणूस झुरिकहून विमानाने मनिलाला निघाला होता. विमान वाटेत सांताक्रूझला थांबलं, तो खाली उतरलासुद्धा नाही, पण कस्टमवाल्यांनी विमानात जाऊन झडती घेतली तर त्याच्या अंगातल्या जॅकेटच्या चोरकप्प्यांमध्ये ३४ किलो सोनं निघालं. आता गंमत अशी की आधीच्या नियमानुसार भारतातून नुसतं पुढे जाणाऱ्या सोन्याला सूट होती. रिझर्व्ह बँकेने ८ नोव्हेंबरच्या नोटिफिकेशनने तो नियम कडक केला, की असं सोनं विमानाच्या मालाच्या यादीत दाखवलंच पाहिजे, आणि ते नोटिफिकेशन राजपत्रात छापून आलं २४ नोव्हेंबरला. हा माणूस झुरिकहून निघाला २७ ला. म्हणजे मध्ये तीन दिवस! तो म्हणाला मी परदेशी माणूस, तुमच्या देशात तीन दिवसांपूर्वी काय छापलंय मला कुठून कळणार? मॅजिस्ट्रेटने एक वर्षाची शिक्षा दिली, मुंबई हायकोर्टाने सोडून दिलं, आणि १९६४ मध्ये सुप्रीम कोर्टाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने त्याला परत दोषी ठरवलं. भारतात रीतसर प्रसिद्ध झाला की कायदा लागू झाला, तो प्रत्येक माणसाच्या हातात नेऊन द्यायची गरज नाही असं बहुमताचं म्हणणं होतं. न्यायमूर्ती सुब्बाराव यांचं मत विरुद्ध पडलं, त्यांचं म्हणणं की मनात गुन्ह्याची जाणीवच नसेल तर शिक्षा कशी द्यायची.

पण या केसचा शेवट बरेच लोक सांगत नाहीत आणि तो तुमच्यासाठी महत्त्वाचा आहे. दोषी ठरवलं तरी सुप्रीम कोर्टाने शिक्षा कमी करून त्याने तोवर जेवढी भोगली होती तेवढ्यावरच आणली. म्हणजे माहीत नसणं हे गुन्हा पुसत नाही पण शिक्षा किती द्यायची हे ठरवताना कोर्ट सगळी परिस्थिती बघतं, माणूस धंदा करत होता का, लपवत होता का, समजल्यावर काय केलं. तुमचं ‘माहीत नव्हतं’ इथे कामाला येतं. आणि म्हणूनच समजल्यानंतर गप्प बसणं ही सगळ्यात मोठी चूक ठरेल.

तर करा असं. पिंजरा उघडून पोपट सोडून देऊ नका, नऊ वर्षं पिंजऱ्यात राहिलेल्या पक्ष्याला नीट उडता येत नाही, स्वतःचं अन्न शोधता येत नाही, कावळे आणि मांजरी त्याला दोन दिवस जगू देणार नाहीत. वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन करा किंवा जवळच्या वनक्षेत्रपालाच्या ऑफिसला स्वतःहून जाऊन सांगा, लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. अर्जात खरं तेच लिहा, किती वर्षांपासून आहे, कुठून आणला. कारवाई होणारच नाही असं मी लिहून देऊ शकत नाही, तसं कुठलाच प्रामाणिक वकील देणार नाही, पण स्वतःहून गेलेल्या माणसाची गोष्ट आणि छाप्यात सापडलेल्या माणसाची गोष्ट एकसारखी ऐकली जात नाही हे नक्की. सासूबाईंना माझ्याकडून सांगा की त्यांनी त्याला प्रेमानेच वाढवलंय याबद्दल कुणालाच शंका नाही, पण जत्रेत येणारी ही पिल्लं ढोलीतून ओरबाडून काढलेली असतात आणि एक पिल्लू घरापर्यंत पोचेस्तोवर वाटेत बाकीची मरतात. त्यांच्या जागी माझी आजी असती तर तिलाही मी हेच सांगितलं असतं.

प्रश्न (पंढरपूर) : मॅडम, दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन एक ‘हत्थाजोडी’ मागवली होती, विकणाऱ्याने सांगितलं की ही दुर्मिळ झाडाची मुळी आहे, घरात ठेवली की बरकत येते. शेंदूर लावून देव्हाऱ्यात डबीत ठेवलीय. आता एकाने सांगितलं की ती मुळी नसून घोरपडीचा अवयव आहे. हे खरं असेल तर आम्ही पण गुन्हेगार का?

उत्तर : खरं आहे. बाजारात हत्थाजोडी म्हणून जे विकतात ते बहुतेक वेळा नर घोरपडीचं वाळवलेलं लिंग असतं, दोन हात जोडल्यासारखं दिसतं म्हणून त्याला मुळीचं नाव देऊन विकतात. घोरपड कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे वाघाला जसं कडक संरक्षण तसंच तिला. ज्या लोकांनी हा धंदा चालवलाय ते भाविक माणसाला फसवतात आणि मुक्या जनावराला जिवंतपणी हाल करून मारतात, मला याची मनापासून चीड येते.

आता तुमचा प्रश्न. बघा, मिरजेच्या ताईंचं न कळणं आणि तुमचं न कळणं यात मोठा फरक आहे. त्यांना समोर पोपट आहे हे माहीत होतं, कायदा माहीत नव्हता. तुम्हाला मुळात समोर काय आहे हेच माहीत नव्हतं, तुम्ही मुळी समजून घेतलीत. पहिल्याला कायद्याविषयीची चूक म्हणतात, दुसऱ्याला वस्तुस्थितीविषयीची चूक. जुन्या इंडियन पीनल कोडमध्ये कलम ७६ आणि ७९ होती, १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत तीच कलम १४ आणि १७ म्हणून आलीत, आणि दोन्हीकडे शब्द स्पष्ट आहेत की वस्तुस्थितीची चूक असेल तर माफी, कायद्याची चूक असेल तर नाही, आणि तीही चूक सद्भावनेने म्हणजे नीट काळजी घेऊनसुद्धा झालेली पाहिजे.

या फरकाची एक फार वाईट वाटणारी केस आहे, १९५२ ची, नागपूर हायकोर्टाची. बस्तरकडचा एक माणूस मुलाला घेऊन रानात पानं गोळा करायला गेला होता, पायाला गळू झालेलं, अंगात ताप, डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, आणि भ्रमात त्याला स्वतःचा मुलगाच वाघ दिसला आणि त्याने कुऱ्हाड चालवली. हायकोर्टाने त्याला सोडलं, कारण समोर खरंच वाघ असता तर त्याने केलं ते चूक ठरलं नसतं. खून करणं गुन्हा आहे हे त्याला माहीत होतं, समोर मुलगा आहे हे माहीत नव्हतं.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. वन्यजीव कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे अशी वस्तू तुमच्या ताब्यात सापडली की ती बेकायदा आहे असंच आधी धरलं जातं आणि तसं नाही हे तुम्हाला दाखवावं लागतं. त्यामुळे ऑर्डरचा मेल, पेमेंटचा मेसेज, त्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट ज्यात ‘मुळी’ लिहिलंय, हे सगळं जपून ठेवा, डिलीट करू नका. आणि दुसरी गोष्ट, आता तुम्हाला कळलंय. हे वाचल्यानंतर ती डबी देव्हाऱ्यात तशीच राहिली तर उद्या वस्तुस्थिती माहीत नव्हती असं तुम्हाला म्हणता येणार नाही. वनखात्याच्या ऑफिसात नेऊन द्या आणि विकणाऱ्याचे डिटेल्स पण द्या. कुणाला तरी देऊन टाकणं किंवा परत विकणं हे तर अजिबातच नको, तो वेगळाच गुन्हा होईल.

प्रश्न (जालना जिल्हा) : मी पौरोहित्य करतो. गेल्या वर्षी एक लग्न लावलं, मुलीचे वडील म्हणाले १९ पूर्ण आहे, आधार कार्डची झेरॉक्स पण दाखवली. आता तक्रार झाली आणि मुलगी १६ ची निघाली असं म्हणतात, माझं नाव पण घेतलंय. माझ्या ओळखीचे एक जुने गुरुजी म्हणतात की पुरोहितावर केस होतच नाही, लग्न आईबाप ठरवतात. माझं काय होईल?

उत्तर : गुरुजी, तुमच्या त्या ओळखीच्या गुरुजींना आधी सांगा की हे चुकीचं आहे आणि त्यांनी हा सल्ला अजून कुणाला देऊ नये. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याचं कलम १० खास लग्न लावणाऱ्यासाठीच आहे, दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. कलम ११ मध्ये आईवडील, पालक, लग्नाला प्रोत्साहन देणारे, थांबवायचं सोडून हजर राहणारे असे बाकीचे येतात. गुन्हा दखलपात्र आहे, जामीनही हक्काने मिळत नाही, कोर्टाकडून घ्यावा लागतो.

पण कलम १० मध्येच तुमच्यासाठी एक दार ठेवलेलं आहे. हा बालविवाह नाही असं मानायला आपल्याकडे कारण होतं हे लग्न लावणाऱ्याने सिद्ध केलं तर तो दोषी ठरत नाही. म्हणजे बघा, पुरोहिताला हा कायदा लागतो हे माहीत नव्हतं, असं म्हटलं तर ते कोर्टात चालणार नाही, पण मुलीचं वय माहीत नव्हतं आणि मी खात्री करायचा खराखुरा प्रयत्न केला होता, हे चालू शकतं. सगळा मुद्दा त्या प्रयत्नावर येऊन थांबतो. तुम्ही आधार बघितलंत ते चांगलं केलंत, झेरॉक्स ठेवली असेल तर ती आजच तुमच्या वकिलाकडे द्या. पण हेही स्पष्ट सांगते की आधारवरची जन्मतारीख हा वयाचा पक्का पुरावा धरत नाहीत, २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने अपघाताच्या भरपाईच्या एका केसमध्ये आधारपेक्षा शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची तारीख धरली. त्यामुळे समोरचा वकील तुम्हाला विचारणार की शाळेचा दाखला का नाही मागितला. खरं काय घडलं ते क्रमाने लिहून ठेवा, कोण बोलायला आलं, काय दाखवलं, मुलीशी तुम्ही बोललात का.

इथे मला थोडं थांबून बोलायचंय, रागावू नका. सोळा वर्षांची मुलगी मंडपात समोर बसलेली असते तेव्हा कागद काहीही सांगो, डोळ्यांना दिसतं हो. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांमधली कारणं मला माहितीयेत, मुलीला मागे कुणाकडे ठेवायचं, ऊसतोडीच्या कामाला नवरा-बायकोची जोडी लागते, आईबापांच्या जिवाला घोर असतो, त्यांना मी राक्षस म्हणणार नाही. पण अशा लग्नानंतर नवरा २२ वर्षांचा पोरगा असतो आणि त्यालाही वाटतं की लग्न झालंय म्हणजे सगळं कायदेशीर. तसं नाहीये. २०१७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून बायको १८ च्या आतली असेल तर तिच्याशी संबंध हा बलात्कारच धरला जातो, न्याय संहितेतही आता तेच वय आहे, वर पॉक्सो, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागतो तो वेगळा. मुलगी बाळंतपणाला दवाखान्यात जाते, डॉक्टरांना कळवणं बंधनकारक असतं, आणि तिथून पोलीस येतात. तेव्हा तो पोरगा तेच वाक्य म्हणतो, मला माहीत नव्हतं. कोर्ट ऐकत नाही, आणि त्या मुलीच्या पोटात बाळ असतं. हे सगळं मंडपात एका माणसाने ‘दाखला आणा’ म्हटलं असतं तर थांबलं असतं.

तर यापुढे दाखल्याशिवाय तिथी काढून देऊ नका. संशय आला तर गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतात, त्यांना सांगा, नाहीतर मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनवर फोन करा. मंगल कार्यालयवाले, आचारी, बँडवाले हे पण वाचत असतील तर त्यांनीही बुकिंग घेताना दाखला मागावा, तुम्हालाही कलम ११ मध्ये ओढलं जाऊ शकतं.

प्रश्न (अमरावती, कॉलेज विद्यार्थी) : मॅडम मला हा नियमच अन्यायकारक वाटतो. देशात एवढे कायदे, वकिलांना पण सगळे माहीत नसतील, मग शेतात राबणाऱ्या माणसाला ते माहीत आहेत असं गृहीत कसं धरता?

उत्तर : छान विचारलंस, आणि तुझा राग बरोबर ठिकाणी आहे. पण एक दुरुस्ती करते. प्रत्येकाला कायदा माहीत आहे असं भारतात कोर्ट गृहीत धरत नाही! मोतीलाल पदमपत शुगर मिल्सच्या केसमध्ये न्यायमूर्ती भगवती यांनी हेच स्पष्ट केलंय, की प्रत्येकाला कायदा ठाऊक आहे असं मानायचा कुठला नियम नाही, नियम आहे तो एवढाच की माहीत नसणं ही सबब होत नाही. ऐकायला एकच वाटतं पण फरक मोठा आहे. पहिल्यात आपण खोटं गृहीत धरतो. दुसऱ्यात आपण मान्य करतो की माणसाला माहीत नसेल, पण तो बचाव दिला तर ज्याने मुद्दाम वाचलं नाही, चौकशी केली नाही, त्याचाच फायदा होईल आणि मनात काय होतं हे प्रत्येक केसमध्ये शोधत बसावं लागेल. बिल्डर म्हणेल मला परवानगी लागते हे माहीत नव्हतं, कारखानदार म्हणेल नदीत सांडपाणी सोडायचं नसतं हे माहीत नव्हतं. आणि गरीब माणसापेक्षा ही सबब यांनाच जास्त उपयोगी पडली असती, कारण त्यांच्याकडे ती मांडायला मोठे वकील असतात. म्हणून मी वैयक्तिक या नियमाच्या बाजूने आहे.

पण नियमाची दुसरी बाजू सरकारवर आहे आणि ती तू पाठ करून ठेव. जयपूर संस्थानात ११ डिसेंबर १९२३ ला मंत्रिमंडळाने ठराव करून अफूचा एक कायदा केला, पण तो कुठे छापलाच नाही, कुणाला सांगितलाच नाही. पुढे हरला नावाच्या माणसाला त्याच कायद्याखाली पन्नास रुपये दंड झाला. पन्नास रुपयांसाठी हा माणूस सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, आणि १९५१ मध्ये न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी निकाल दिला की बंद दाराआड केलेला, माणसाने कितीही प्रयत्न केला तरी त्याला कळूच शकला नसता असा कायदा त्याला लावणं हे नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध आहे. दंड रद्द झाला. हे बोस सुप्रीम कोर्टात जाण्याआधी नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते, म्हणजे तुझ्या विदर्भातलेच. तसंच घटनेचं कलम २० सांगतं की आज केलेला कायदा काल केलेल्या गोष्टीला लावून शिक्षा देता येत नाही.

म्हणजे कायदा कळायची शक्यता तरी असायला हवी, ही अट आहे. आता राजपत्रात छापलं की ती अट कागदावर पूर्ण होते, आणि इथेच मला तुझं म्हणणं पटतं. मेळघाटातल्या पाड्यावर राजपत्र कोण वाचतं? कायदा इंग्रजीत, नियम वेगळे, नोटिफिकेशन वेगळं, दुरुस्ती अजून वेगळी. कोर्टाने सबब नाकारायची तर सरकारने सांगायचं काम तेवढ्याच जोमाने केलं पाहिजे, ग्रामसभेत, शाळेत, बाजारच्या दिवशी भोंग्यावरून, कोरकूत, गोंडीत. ते होत नाही, आणि त्याची किंमत ज्याच्याकडे जामिनाला पैसे नाहीत तो देतो. तू लॉ करत असशील तर तुमच्या कॉलेजच्या विधी सेवा केंद्रातून पाड्यांवर जा, खूप गरज आहे.

प्रश्न (पुणे, ज्येष्ठ नागरिक) : फ्लॅट तीन मुलांना भाड्याने दिला, एजंटने ११ महिन्यांचा करार स्टॅम्प पेपरवर नोटरी करून दिला, म्हणाला एवढं पुरतं. आता सोसायटी म्हणते रजिस्टर नाही, पोलिसांना माहिती पण दिलेली नाही, केस होईल. मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

उत्तर : काकू, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि रजिस्टर केलेलाच पाहिजे आणि ती जबाबदारी मालकाची आहे, नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ११ महिने असला तरी! ११ महिन्यांचा करार रजिस्टर करावा लागत नाही हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. इथे माहीत नव्हतं, एजंट म्हणाला, हे चालणार नाही. शिवाय करार रजिस्टर नसेल तर वादात अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच आधी धरलं जातं, म्हणजे नुकसान तुमचंच. याच आठवड्यात ऑनलाइन रजिस्टर करून घ्या.

पोलिसांना कळवायचं मात्र बहुतेक शहरांत पोलीस आयुक्तांच्या आदेशाने असतं, आणि असा आदेश मोडल्याचं कलम, पूर्वीचं १८८ आणि आता न्याय संहितेचं २२३, त्यात शब्दच असे आहेत की आदेश माहीत असूनही मोडला तर. म्हणजे इथे माहिती असणं हा गुन्ह्याचाच भाग आहे आणि ती होती हे सरकारी पक्षाला दाखवावं लागतं. ‘माहीत नव्हतं’ या वाक्याला खरोखर वजन असतं अशा ज्या थोड्या जागा कायद्यात आहेत त्यातली ही एक. पण सोसायटीने तुम्हाला नोटीस दिलीय ना, मग आता ते वजन संपलं, लगेच माहिती भरून टाका.

प्रश्न (सोलापूर, व्यापारी) : लागूच नसलेला एक कर दोन वर्षं भरत आलो, कायदा नीट माहीत नव्हता म्हणून. आता माझी चूक म्हणून पैसे गेले का?

उत्तर : नाही. हा फौजदारी मामला नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७२ सांगतं की चुकून दिलेले पैसे घेणाऱ्याने परत करायचे, आणि ती चूक कायद्याबद्दलची असली तरी चालते हे सुप्रीम कोर्टाने बनारसच्या एका विक्रीकराच्या केसमध्ये १९५८ मध्येच सांगितलंय. पण प्रत्येक कर कायद्यात रिफंडची स्वतःची मुदत आणि पद्धत असते, आणि तो कर तुम्ही गिऱ्हाइकाकडून वसूल केला असेल तर मिळणं अवघड होतं. सीएला घेऊन चलनं काढा आणि तारखा बघा, उशीर करू नका.

प्रश्न (ठाणे) : मुलगी दुबईला असते, दिवाळीला तिच्याकडे जातोय. अनारसे, चिवडा, मसाले नेणार आहे, आणि यांची गुडघ्याची औषधं. एक बाई म्हणाल्या खसखस नेली तर जेल होते. हे खरं आहे का, एवढ्याशा खसखशीसाठी?

उत्तर : खरं आहे ताई, आणि विचारलंत ते फार बरं केलंत. खसखस हे अफूच्या बोंडातलं बी, आपल्याकडे ते किराणा दुकानात मिळतं आणि कायदेशीर आहे, पण संयुक्त अरब अमिरातीत त्यावर बंदी आहे आणि थोडीशी असली तरी अडचण होऊ शकते. तिथे तुम्ही त्या जर्मन माणसाच्या जागी असाल, परदेशी असाल आणि म्हणाल की आमच्याकडे तर चालतं, आणि कुणी ऐकणार नाही. नुसती पुडी नको एवढंच नाही, खसखस लावलेले अनारसे, खसखस घातलेले डिंकाचे लाडू, तयार मसाल्याची पाकिटं ज्यात खसखस आहे, सगळं घरी ठेवा, पाकिटामागची यादी वाचून बघा. औषधांचं पण तसंच, ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेल्या वेदनाशामक गोळ्यांना तिथल्या आरोग्य खात्याची आधी परवानगी लागते. यांच्या गोळ्यांची नावं डॉक्टरांना दाखवा, प्रिस्क्रिप्शन सोबत ठेवा, आणि परवानगीचा ऑनलाइन अर्ज मुलीला तिथून आत्ताच बघायला सांगा, बॅग भरायच्या दिवशी नको. अनारशांना तीळ लावा, छान लागतात.